थोरल्याचा कोट

वंशावळ भिंतीवर टांगायची ठरली, तेव्हा खिळा कुठे मारायचा यावरूनच पहिलं भांडण झालं.

काकूंना खिळा खिडकीशेजारी हवा होता, म्हणजे उजेड पडेल. आईला तो दाराशेजारी हवा होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना दिसेल. दोघींचं म्हणणं अगदी रास्त होतं आणि दोघींच्याही मनात ते मुळीच नव्हतं. खिडकी म्हणजे थोरली पाती, थोरल्या भावाचा वंश; दार म्हणजे धाकटी पाती. चार पिढ्या या शिवणदुकानात कोण कुठे बसतं यावरूनच कुणाची पायरी कोणती ते ठरत आलं होतं. खिडकीकडचे उजेडात बसून कापड बेतायचे. दाराकडचे धुळीत बसून काजं करायचे, बटणं लावायचे आणि 'मालक आहेत का?' असं कुणी विचारलं की 'आत आहेत' म्हणून बोट दाखवायचे.

"मध्ये मारा," बाबा म्हणाले. बाबा दाराकडचे. 'मध्ये मारा' हे त्यांचं उभ्या आयुष्याचं धोरण होतं.

मध्ये गिऱ्हाइकांचा आरसा होता. आरसा काढला, खिळा मारला, आणि काकूंनी सात महिने खपून भरलेली वंशावळ सगळ्यांसमोर उलगडली.

इतरांनी नावं बघितली. आईनं दोरा बघितला.

मुळाशी मूळपुरुष होता. बायको, दोन लहान पोरं आणि एक लांब कातर घेऊन तो या गावात आला होता. त्याच्यातून दोन फांद्या फुटल्या होत्या. उजवी खिडकीकडची: त्यावर आजोबा, मुलगा, मग आत्या आणि तिचा भाऊ, म्हणजे काकूंचे वारलेले यजमान, आणि शेंड्यावर काकूंची लेक. ती सगळी दुहेरी रेशमात, घट्ट साखळी टाक्यानं. डावी दाराकडची: आजोबा, मुलगा, बाबा आणि शेंड्यावर त्यांची लेक, टाचणी. ती सुती दोऱ्यात. धावदोऱ्यानं! गोणपाट शिवतात तशी!

"जाऊबाई," आईनं गोड आवाज काढला, "रेशीम संपलं होतं का हो?"

"कुठलं रेशीम गं?"

"आमच्यापर्यंत पोचलंच नाही म्हणून विचारलं."

"अगं, धाकटी फांदी नाजूक दिसावी म्हणून तसं भरलंय."

"नाजूक! माझ्या सासऱ्यांचं नाव तर उसवल्यासारखं दिसतंय."

"दिसतंय की," बाबा म्हणाले. "चष्मा लावला की दिसतंय."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आईचं दुखणं दोऱ्याचं नव्हतंच. लग्न होऊन ती या दुकानात आली तेव्हा सासरे दाराशी बसायचे. ते वारले त्या दिवशीही त्यांच्या बोटात सुईपासून जपणारं अंगुस्तान होतं. शेजारी काजं करणारा नवरा मग त्याच स्टुलावर बसला. तीस वर्षं काजं! एका कोटाला सात काजं धरली तर किती हजार होतात ते तिनं एकदा मोजायला घेतलं होतं आणि रडू आलं म्हणून सोडून दिलं होतं. आणि समोर काकू बघा. सुई हातात धरायचा कंटाळा, पण खिडकीच्या उबेत खुर्ची टाकून बसायच्या, कारण काय, तर थोरल्या पातीत दिल्या गेल्या!

पण आज सगळे जमले होते ते काही वंशावळीसाठी नाही. ती वरवरची इस्त्री. आत घडी वेगळीच होती.

आत्याचा हात थरथरायला लागला होता. चाळीस वर्षं तिनं कातर चालवली. आता गेल्या महिन्यात एका दंतवैद्याच्या कोटाची बाही बोटभर आखूड आली आणि तिनं स्वतःच सांगून टाकलं, बास. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवू, सगळ्यांना बोलावू आणि कातर पुढे देऊ. पुढे म्हणजे कुणाला, हे विचारायची सोय नव्हती. नियम मूळपुरुषाच्या काळापासूनचा होता: कातर थोरल्या पातीत जन्मलेल्यांत जे कुणी वयानं सगळ्यात मोठं, त्याची. बाई असो, बाप्या असो. घेणाऱ्यानं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, खऱ्या गिऱ्हाइकाचं कापड बेतून दाखवायचं. चिंधीवर नाही.

थोरल्या पातीत आत्यानंतर एकच उरत होती. काकूंची लेक, रीळ.

*

रीळ बावीस वर्षांची. बोलायला लागली की सुटलेल्या रिळासारखी घरंगळत जायची, म्हणून रीळ. स्वभावानं चांगली होती बिचारी. पण तिनं बेतलेली पँट घालून एक गिऱ्हाईक तीन तास लग्नात उभंच राहिलं होतं. बसता येईना!

हे काकूंना ठाऊक नव्हतं असं नाही. पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना दाराकडची ती सोळा वर्षांची पोर डोळ्यांसमोर नको असायची. टाचणी. हे नाव आत्यानंच ठेवलेलं, कारण पोर बारीक आणि बोचरी. शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली आणि ही थेट खिडकीत. आत्या तिला रद्दी द्यायची, मग जुनी चादर, मग, कुणाला न सांगता, शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या. काकूंनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: टाचणी कापत होती आणि आत्या तिच्या हाताकडे बघत होती. तसं आत्यानं रीळकडे कधी, चुकूनसुद्धा, बघितलं नव्हतं. त्या रात्री काकूंना जेवण गेलं नव्हतं. परक्याच्या पोरीच्या ताटात तूप पडावं आणि आपली पोर कोरडं खात बसावी, तसं झालं होतं त्यांना.

म्हणून आज त्यांनी तिला एक काम दिलं.

दुकानाच्या काचेच्या कपाटात वीतभर खांद्यांचा एक कोट होता. मूळपुरुषानं आपल्या थोरल्याला शिवलेला, खिडकीकडच्यांच्या आजोबांचा, दोन वर्षांच्या पोराचा कोट. गिऱ्हाइकांना चहाच्या आधी तो दाखवला जायचा.

"टाचणे, इकडे ये," काकू म्हणाल्या. "याचं अस्तर बगलेत फाटलंय. वंशावळीच्या खाली लावायचाय, तेवढं रफू करून टाक. तुम्हा दाराकडच्यांना रफू छान जमतं."

"हो ना काकू," टाचणी म्हणाली. "दुसऱ्यांनी फाडलेलं शिवायची आम्हाला सवयच आहे."

"बघा, बघा जिभेला धार!"

"जिभेलाच आहे, काकू. कातर कुठाय आमच्याकडे?"

बाबा खोकले. टाचणी कोट घेऊन दाराशी जाऊन बसली.

*

आता टाचणीच्या पोटात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं.

तिला कातर हवी होती. एवढंच. पण 'एवढंच' म्हणण्यासारखं ते नव्हतं. तिला ती इतकी हवी होती की रीळताईनं आज सकाळी नवा ड्रेस घातलेला बघून तिच्या छातीत कुणीतरी ओली पँट पिळल्यासारखं झालं. समोर चालणाऱ्या माणसाची पाठ बघून टाचणीला त्याचा कोट दिसायचा. कुठे झोळ येईल, कुठे ओढ बसेल, सगळं. शाळेत गणिताचे सर फळ्याकडे वळले की ती मनातल्या मनात त्यांची मागची शिवण दुरुस्त करायची. आणि कातर जाणार कुणाला? जिला टेपची कुठली बाजू इंचांची हे अजून बघून घ्यावं लागतं तिला! का? तर तिचे पणजोबा आमच्या पणजोबांच्या आधी जन्मले!

ती चिडून अस्तर उसवत गेली. बोटभर उसवायचं होतं, वीतभर उसवलं. मग थांबली.

कोटाच्या आतल्या बाजूला, शिवणीपासून आत, सुईच्या भोकांची एक रांग होती. दुसऱ्या बाजूलाही तशीच. टाचणीनं नखानं चाचपली. इथे आधी शिवण होती. म्हणजे कोट आधी लहान होता. कोट शिवताना आत जे जास्तीचं कापड ठेवतात, ज्याला दुकानात माया म्हणतात, ती सोडून तो मोठा केला होता.

तिनं टेप लावला. आता छाती साडेएकवीस. जुन्या भोकांवरून, वीस.

वीस!

हे आकडे दुकानात कुणाला पाठ नव्हते? मूळपुरुषाची मापवही कपाटातच असायची. त्यात त्याच्या दोन मुलांचं पान होतं. नावं नाहीत, वयं नाहीत, नुसती मापं. पहिल्याची छाती वीस, डावा खांदा पाव इंच उतरता. दुसऱ्याची साडेएकवीस, खांदे सरळ. मूळपुरुष आणि त्याची बायको गावात आल्यावर सहा महिन्यांत तापानं गेले. मागे दोन बोबडी पोरं आणि पगारी कारागीर. यातला थोरला कोण, ते कुणाला माहीत? तीन वर्षांच्या पोराला विचारून कोण ऐकतं! दुसरे कुणी असते तर गावाकडे पत्र पाठवलं असतं. हे पडले शिंपी. त्यांनी मापवही उघडली. ज्याचं माप मोठं तो थोरला, विषय संपला. त्याला खिडकीत बसवला, दुसऱ्याला दाराशी.

टाचणीचं बोट आपोआप कोटाच्या डाव्या खांद्यावर गेलं. अस्तर तिथेही उसवलं. आत टाक्यांच्या खुणा होत्या, अर्धगोल, आणि त्यात कापसाची पिवळी पडलेली चिमूट अडकलेली. उजव्या खांद्यात काही नाही.

डाव्या खांद्यात भर घातली होती. उतरता खांदा झाकायला.

दाराकडच्या प्रत्येकाचा डावा खांदा उतरता होता. आजोबांचा, बाबांचा, तिचा. 'दाराकडचे वाकडे' म्हणून रीळताईनं तिला लहानपणी किती चिडवलं होतं!

टाचणी उठली ती स्टूल पाडूनच.

*

"हा कोट तुमच्या आजोबांचा नाहीये!"

सगळे वळले. आईच्या हातात चहाची किटली होती ती तशीच राहिली.

"म्हणजे आहे, पण आधी आमच्या बाबांच्या आजोबांचा होता," टाचणी एका दमात म्हणाली. "वीसच्या मापाचा शिवला, मग मोठा करून तुमच्या आजोबांना दिला. कपडा थोरल्याचा धाकट्याला येतो. तुमचे आजोबा धाकटे होते. अंगानं मोठे, वयानं धाकटे. आम्ही थोरले!"

काकू दोन पावलं पुढे आल्या.

"काय बोलतेस कळतंय का?" काकू म्हणाल्या.

"बघा ना. भोकं बघा."

"तूच पाडलीस ती! सुई तुझ्याच हातात होती. वन्सं, बघताय ना? कपाटातला कोट दिला शिवायला, हिनं फाडून ठेवला! जळते ही माझ्या रीळवर. जन्मल्यापासून जळते!"

"जळते तर जळते," टाचणी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पण भोकं जुनी आहेत."

"पोर वाढलं असेल," रीळ म्हणाली. "एकाच पोराचा कोट असेल. वाढलं, मोठा केला. पोरं वाढतातच की, मीपण वाढले, मम्मी नाही का माझा तो निळा फ्रॉक..."

"मग डाव्या खांद्यातली भर? तुमच्या पणजोबांचे खांदे सरळ. वहीत लिहिलंय."

"आणा इकडे," आत्या म्हणाली.

आत्यानं कोट खिडकीत नेला. उलटा केला, सुलटा केला. बाहेरून, दोन्ही कुशींना, शिवणीलगत करंगळीएवढी गडद पट्टी होती. बाकीचा कोट विटलेला, तेवढीच पट्टी गडद.

"ही पट्टी मी चाळीस वर्षं बघतेय," ती म्हणाली. "उजेडाची सावली समजत होते. आतली माया आहे ही. बाहेर आली तेव्हा बाकीचं कापड आधीच विटलेलं होतं."

"वन्सं, तुम्ही पण!"

"थांबा हो वहिनी."

आत्यानं मापवही मागितली. मुलांच्या पानावर बोट ठेवलं, मग मागची पानं उलटली. एक घर, दुसरं घर, तिसरं. प्रत्येक घराची मापं मूळपुरुषानं सारखीच लिहिली होती: बाप, मग थोरला, मग त्याच्या खालचा, मग शेंडेफळ. उतरत्या भाजणीनं. कुठेही चूक नाही. आपल्या घराच्या पानावर त्यानं आधी वीस लिहिले होते आणि त्याच्याखाली साडेएकवीस.

तिनं वही मिटली. कातर हातात आली तेव्हा आत्या चोवीस वर्षांची होती. भाऊ मोठा, पण तो आजारी, म्हणून तिच्याकडे आली. त्या दिवशी दाराशी बसलेल्या आठ वर्षांच्या चुलतभावानं, म्हणजे या बाबांनी, विचारलं होतं, 'ताई, मला पण कधी देशील?' आणि ती हसून म्हणाली होती, 'तुझं नशीब दाराशी आहे रे बाळा.' तिला वाटलं होतं ती गंमत करतेय.

"पोरगी खरं बोलतेय," आत्या म्हणाली. "आपण हे पान चार पिढ्या उलटं वाचत आलो."

आईनं किटली खाली ठेवली. मग तिनं वंशावळीकडे बघितलं, मग काकूंकडे. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, रेशीम उरलं असेल तर सांगा. मी स्वतः भरीन."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, पण पाणी ते पाणीच.

*

टाचणीला मात्र आता कुणीच दिसत नव्हतं. तिला फक्त कातर दिसत होती. बेतायच्या टेबलावर, मऊ फडक्यात गुंडाळलेली, हातभर लांब. आपली. आता आपलीच!

आणि रीळला टाचणी दिसत होती.

रीळला बेतणं आवडायचं नाही. पण कातर नसेल तर ती कोण? शाळेत यथातथा, शिवणात यथातथा. थोरल्या पातीची शेवटची वारस, एवढी एकच गोष्ट तिच्या नावावर होती आणि ती एका सोळा वर्षांच्या पोरीनं अस्तरासारखी टराटरा उसवून काढली. वर ती पोर आता टेबलाकडे अशी बघतेय की जणू गोडाचं ताट! रीळचं डोकं एरवी बोलण्याच्या मागे धावायचं. आज पहिल्यांदा ते पुढे गेलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "दाराकडचे थोरले, मान्य. मग कातर टाचणीची कशी?"

"म्हणजे?" टाचणी म्हणाली.

"नियम काय? थोरल्या पातीत वयानं मोठं जे, त्याची. तुमच्या पातीत मोठं कोण?" रीळनं हात लांब करून दाखवलं. "काका!"

बाबा दाराशी उभे होते. पडलेलं स्टूल त्यांनी नुकतंच सरळ केलं होतं.

काकूंचे डोळे तेवढ्यात कोरडे झाले. "बरोबर बोलली माझी पोर! भाऊजी, या हो, घ्या. तुमचा मान आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाबांना खिडकीत बोलावलं होतं. दाराकडच्यांना जायचीच आहे ना, मग निदान त्या कार्टीला तरी नको! "तीस वर्षं तुम्ही एका शब्दानं तक्रार केली नाहीत. वन्सं, हाच न्याय आहे."

"न्यायच आहे," आई म्हणाली. चार मिनिटांपूर्वी जिच्याशी दोऱ्यावरून भांडत होती, तिच्याच शेजारी जाऊन उभी राहिली. "अहो, जा ना. बघताय काय?"

"आई!" टाचणी ओरडली. "तू पण? बाबांनी आयुष्यात कापलंय का कधी?"

"तुझ्या बाबांना कुणी कापू दिलंय का कधी?"

टाचणीनं बाबांकडे बघितलं. तिला खात्री होती. बाबा म्हणजे 'मध्ये मारा'. बाबा म्हणजे शेवटचं बिस्कीट बशीत ठेवणारा माणूस. ते आता हसतील, मान हलवतील आणि म्हणतील, मी कुठे या वयात, पोरीला द्या. ती थांबली. सगळेच थांबले.

बाबांनी बोटातलं अंगुस्तान काढलं. ते त्यांनी स्टुलावर ठेवलं. दारापासून खिडकीपर्यंत बावीस पावलं होती. ती त्यांनी लहानपणी मोजली होती. तीस वर्षं त्या अंतरावरून त्यांनी ताईचा हात बघितला होता. प्रत्येक कोट ती टेबलावर बेतायची आणि ते मनात. तिची कातर कुठे अडखळते ते त्यांना तिच्याआधी कळायचं. दंतवैद्याची बाही चुकतेय हे त्यांना खडू उमटल्या क्षणीच दिसलं होतं आणि ते बोलले नव्हते. का बोलले नव्हते, ते त्यांनी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. ताईची चूक बघून त्या दिवशी त्यांना चहा जरा जास्तच गोड लागला होता.

"मी कापणार," बाबा म्हणाले.

टाचणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, पण मी..."

"तू सोळा वर्षांची आहेस." ते तिच्याकडे न बघता बाह्या सारत होते. "मी अठ्ठेचाळीसचा. मला हवीये ती."

"पण ते मी शोधून काढलं!"

"हो. छान शोधलंस. ताई, दे."

आत्यानं फडकं सोडलं. कातर देताना तिचा हात थरथरला. बाबांचा नाही थरथरला.

कापड होतं बँकेतल्या एका साहेबांचं. करडं, भारी, मुलीच्या लग्नासाठी परगावाहून आणलेलं, आणि त्याचा दुसरा तुकडा मिळणार नव्हता. माप लिहून तयार होतं. बाबांनी कापड पसरलं, तळव्यानं एकदाच फिरवून सुरकुती काढली, खडू घेतला. पाठीची रेघ ओढली. आत्या काही सांगायला वाकली आणि न सांगताच सरळ झाली.

"टाचणे, टोक धर."

ती हलली नाही.

"धर गं. घसरतंय."

तिनं टोक धरलं. दोन्ही हातांनी, पोटाजवळ. कातर उघडली आणि कापडाला लागली. कर्र... कर्र... असा तो जाड, सावकाश आवाज.

कसला राग होता हा? रीळताईवर होता तसाच. तसाच्या तसा! आपल्या स्वतःच्या बाबांवर! तिनं मनात म्हटलं, वाकडी जाऊ दे. एकदाच. बगलेच्या वळणावर जाऊ दे, तिथे सगळ्यांची जाते. मग कापड वाया जाईल, आत्या कपाळाला हात लावेल, आई गप्प बसेल, आणि कुणीतरी म्हणेल, टाचणीला द्यायला हवी होती.

कातर वळणाशी आली.

कापडाचं टोक तिच्या हातात होतं. दोन बोटांनी पाव इंच ओढलं तरी पुरलं असतं. कुणाला कळलंही नसतं. नाही, आत्याला कळलं असतं. आत्या कापडाकडे बघतच नव्हती. ती टाचणीच्या बोटांकडे बघत होती. पण तिची बोटं थांबली ती आत्यासाठी नाही. बाबांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर आली होती, पहिलीतल्या पोरासारखी, आणि त्यांचा तो उतरता खांदा, डावा, कातरीच्या लयीत वर-खाली होत होता. त्यांना ती दिसतच नव्हती. त्यांना कुणीच दिसत नव्हतं. असं तोंड कशानं होतं हे तिला ठाऊक होतं. कापताना तिचं स्वतःचं असंच होत असणार.

तिनं बोटं घट्ट केली आणि कापड ताणून, स्थिर, जिथल्या तिथे धरलं. हात भरून आले.

कातर वळली. एकदाही न थांबता वळली, आणि पाठीचा तुकडा सुटून तिच्या अंगावर आला.

आत्यानं पट्टी लावली. बगलेच्या वळणाला बोट फिरवलं. काकू पुढे सरकल्या, रीळ पुढे सरकली. आत्यानं काही म्हणायच्या आधी बाबांनी विचारलं, आणि आत्याला नाही विचारलं.

"टाचणे. कसा आलाय?"

तुकडा तिच्याच हातात होता. तिनं तो खिडकीकडे धरला. चूक शोधली. मनापासून शोधली, एक-एक सूत करून, वरून खाली आणि खालून वर.

"माझ्याहून चांगला," ती म्हणाली. "पण खडूची रेघ जाड ओढता तुम्ही."

"हं." बाबांनी खडू डोळ्यांसमोर धरून बघितला. "बाही उद्या बेतेन. शाळा सुटली की थेट ये. टोक धरायला लागेल."

"येईन," टाचणी म्हणाली. "पण खडू मी तासणार."

रीळनं कापडाचं दुसरं टोक, जे कुणी धरलं नव्हतं, ते हळूच धरलं.